विश्लेषण : कुजबुज ऐकून खरेच झोप लागते? ‘एएसएमआर’च्या झिणझिण्यांमागचे विज्ञान काय सांगते?

रात्री दिवा मालवायचा, इअरफोन कानात घालायचे आणि कुणी तरी हलक्या आवाजात बोलत आहे, कागदाची घडी घालत आहे किंवा केसांतून सावकाश कंगवा फिरवत आहे, असा व्हिडीओ लावून झोपेची वाट पाहायची. हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. ‘एएसएमआर’ या चार अक्षरांनी ओळखले जाणारे हे व्हिडीओ जगभरातील असंख्य लोक झोपेसाठी आणि ताण हलका करण्यासाठी वापरतात. न अनुभवलेल्यांना तो खुळेपणा वाटतो, तर अनुभवलेल्यांपैकी काही जण त्याला औषधाच्या पंक्तीला नेऊन बसवतात. गेल्या दशकभरातील संशोधन पाहता या दोन्ही टोकांना फारसा आधार नाही. ही संवेदना खरी आहे, तिचा शरीरावरील परिणाम मोजता येतो. पण तिला उपचार म्हणण्याइतका पुरावा अद्याप हाती आलेला नाही. हा फरक समजून घेणे गरजेचे आहे, कारण प्रश्न अनेकांच्या झोपेचा आणि मानसिक आरोग्याचा आहे.

एएसएमआर म्हणजे नेमके काय?

‘ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स’ असे याचे पूर्ण नाव. विशिष्ट आवाज ऐकताना किंवा विशिष्ट दृश्य पाहताना काही जणांच्या टाळूपाशी हलक्या, सुखद झिणझिण्या सुरू होतात. त्या मानेवरून पाठीच्या कण्याकडे उतरतात, कधी खांद्यांपर्यंत आणि हातांपर्यंत पसरतात. सोबत मन शांत होते, डोळे जड होतात. हात-पाय अवघडल्यावर येणाऱ्या मुंग्यांशी याचा संबंध नाही. त्या मज्जातंतूवर दाब आल्याने येतात आणि नकोशा वाटतात.

अंगावर काटा येणे हाही वेगळा अनुभव आहे. गाण्यातील एखादी जागा ऐकून शहारा येतो तो क्षणभराचा असतो आणि त्यात उत्तेजना असते. एएसएमआरची लाट अधिक रेंगाळते आणि ती अनुभवणारे तिचे वर्णन उत्साहापेक्षा विसावा असे करतात.

हे नाव कोणी दिले?

अनुभव जुना असला तरी नाव नवे आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२५ सालच्या ‘मिसेस डॅलोवे’ या कादंबरीत एका दाईच्या आवाजाने पात्राच्या पाठीच्या कण्यात उठणाऱ्या लहरींचे वर्णन आहे. एएसएमआरविषयी लिहिणारे अनेक जण त्याकडे बोट दाखवतात. मात्र या अनुभवावर उघड चर्चा सुरू झाली ती २००७ च्या सुमारास, इंटरनेटवर. ‘असे मला एकट्यालाच होते का?’ हा तेथील अनेकांचा पहिला प्रश्न होता.

२०१० मध्ये अमेरिकेतील जेनिफर ॲलन यांनी ‘एएसएमआर’ हे नाव सुचवले. त्या सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात काम करत होत्या; वैद्यक किंवा मानसशास्त्र हा त्यांचा पेशा नव्हता. लोकांनी संकोच न बाळगता बोलावे, यासाठी शास्त्रीय वाटेल असे नाव त्यांनी जाणीवपूर्वक निवडले. त्यातील ‘मेरिडियन’ हा शब्द परमोच्च बिंदू या अर्थाने आहे, ॲक्युपंक्चरमधील रेषांशी त्याचे नाते नाही. हे लक्षात ठेवायला हवे, कारण नाव भारदस्त आहे म्हणून त्यामागे तेवढेच भारदस्त शास्त्र असेल, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात नाव आधी आले आणि संशोधन नंतर.

झिणझिण्या कशाने येतात?

ब्रिटनमधील स्वॉन्झी विद्यापीठातील एम्मा बॅरट आणि निक डेव्हिस यांनी २०१५ मध्ये या विषयावरील पहिला महत्त्वाचा, तज्ज्ञांनी तपासलेला अभ्यास प्रसिद्ध केला. एएसएमआर अनुभवणाऱ्या ४७५ जणांना त्यांनी प्रश्न विचारले. कुजबुजीने झिणझिण्या येतात, असे ७५ टक्के जणांनी सांगितले. ६९ टक्के जणांना आपल्याकडे कुणी तरी व्यक्तिशः लक्ष देत आहे या भावनेने, ६४ टक्के जणांना कुरकुरीत, स्पष्ट आवाजांनी, तर ५३ टक्के जणांना संथ हालचालींनी हा अनुभव येत होता. बहुतेकांना तो पहिल्यांदा लहानपणीच आला होता. याच संशोधकांच्या पुढील अभ्यासात खालच्या पट्टीतील आवाज आणि बारकाईने, सावकाश केलेली कामे अधिक परिणामकारक ठरली, तर पार्श्वसंगीताने परिणाम कमी झाला.

या यादीतील दुसरी गोष्ट सर्वात बोलकी आहे. या व्हिडीओंत कुणी डॉक्टर होऊन डोळे तपासते, कुणी कपड्याचे माप घेते, कुणी केस विंचरते. पाहणाऱ्याला काही करावे लागत नाही. कुणी तरी आपल्यासाठी घाई न करता काही करत आहे, एवढेच त्याला जाणवते. नितीन अहुजा यांनी २०१३ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्हज इन बायॉलॉजी अँड मेडिसिन’ या नियतकालिकातील निबंधात डॉक्टरी तपासणीच्या अशा लुटुपुटीच्या व्हिडीओंचा विचार केला होता. औषध नाही, निदान नाही, तरी नुसते तपासले जाणेही सुखाचे वाटते, हे त्यातून दिसते. खऱ्या दवाखान्यात रांगेत तास घालवून आत गेल्यावर दोन मिनिटांत बाहेर येणाऱ्या रुग्णाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

शरीरात काय बदल होतो?

केवळ लोकांच्या सांगण्यावर विसंबायचे नसेल तर शरीर मोजावे लागते. शेफील्ड विद्यापीठात जुलिया पोएरिओ आणि सहकाऱ्यांनी ते केले. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत ११२ जणांना व्हिडीओ दाखवून त्यांच्या हृदयाचे ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजण्यात आली. यातील निम्मे एएसएमआर अनुभवणारे होते, निम्मे न अनुभवणारे. अनुभवणाऱ्यांच्या हृदयाची गती एएसएमआरचे व्हिडीओ पाहताना मिनिटाला सरासरी तीन ठोक्यांनी मंदावली. न अनुभवणाऱ्यांत एवढा फरक दिसला नाही.

गंमत म्हणजे त्याच वेळी त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मात्र वाढली. ही वाढ साधारणपणे उत्तेजनेची खूण मानली जाते. म्हणजे शरीर एकाच वेळी शांत होते आणि चाळवलेही जाते. त्यामुळे एएसएमआर म्हणजे निव्वळ गुंगी किंवा कंटाळ्याने आलेली पेंग, हे म्हणणे टिकत नाही. हा एक स्वतंत्र, संमिश्र स्वरूपाचा प्रतिसाद आहे.

‘सगळे मनाचे खेळ’ म्हणून हा विषय उडवून लावणाऱ्यांना या प्रयोगाने उत्तर मिळाले. पण आकड्याकडेही नीट पाहायला हवे. मिनिटाला तीन ठोके ही लक्षणीय, तरीही माफक घट आहे. ती ऐकणाऱ्याच्या अनुभवाला दुजोरा देते; आजार बरा होत असल्याचा तो दाखला नव्हे.

मेंदूत काय घडते?

येथे पुरावा अजून विरळ आहे. कॅनडातील विनिपेग विद्यापीठातील स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी एएसएमआर अनुभवणाऱ्या ११ जणांच्या मेंदूची न अनुभवणाऱ्या ११ जणांशी तुलना केली. आपण काहीच करत नसताना, विचारांत हरवलेले असताना मेंदूतील जे जाळे कार्यरत असते, त्यातील भागांचे परस्परसंबंध दोन्ही गटांत वेगळे दिसले. आणखी एका अभ्यासात १० जणांचे मेंदू झिणझिण्या सुरू असताना तपासण्यात आले, तेव्हा सुखद अनुभव आणि आपुलकीचे वर्तन यांच्याशी निगडित भाग सक्रिय आढळले.

दिशा म्हणून हे निष्कर्ष उपयुक्त आहेत. मात्र दहा-अकरा जणांवरून कोट्यवधींच्या मेंदूविषयी ठाम विधान करता येत नाही. ‘एएसएमआरमुळे मेंदूत अमुक रसायन पाझरते’ अशी वाक्ये समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. ती वाचताना, ते रसायन झिणझिण्यांच्या वेळी कुणी मोजले आहे का, असा प्रश्न विचारायला हवा. ऑक्सिटोसिन आणि एंडॉर्फिन ही नावे आतापर्यंत बहुतांशी तर्काच्या पातळीवरच घेतली गेली आहेत.

तर्क अर्थातच निराधार नाही. माणसाच्या त्वचेत हळुवार स्पर्शाला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने, म्हणजे आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते साधारण त्याच गतीने झालेल्या स्पर्शाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. माकडे एकमेकांचे केस निवडत तासन्‌तास बसतात, तेव्हा स्वच्छतेबरोबर नातीही घट्ट होतात. एएसएमआर हा या जुन्या यंत्रणेचाच, प्रत्यक्ष स्पर्शाशिवाय उमटलेला पडसाद असावा, अशी एक मांडणी आहे. ती पटण्याजोगी आहे, सिद्ध मात्र झालेली नाही.

मग सगळ्यांनाच हा अनुभव का येत नाही?

एकाच व्हिडीओने घरातील एकाला गाढ झोप लागते, दुसऱ्याला काहीच वाटत नाही आणि तिसरा वैतागून कानांवर हात ठेवतो. यात कुणाचा दोष नाही. काहींना चघळण्याचे, मिटक्या मारण्याचे किंवा श्वासाचे आवाज असह्य होतात. त्या त्रासाला ‘मिसोफोनिया’ म्हणतात. एएसएमआर अनुभवणाऱ्यांमध्येही असे लोक आढळतात. म्हणजे एका आवाजाने सुखावणारी व्यक्ती दुसऱ्या आवाजाने भडकू शकते. आवाजाविषयीची संवेदनशीलताच काहींमध्ये अधिक असावी, असे यातून सूचित होते.

२०२२ मध्ये ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाच्या अभ्यासातही याच्याशी जुळणारे चित्र दिसले. एएसएमआर अनुभवणाऱ्यांमध्ये चिंता करण्याचा स्वभाव अधिक आढळला आणि व्हिडीओ पाहिल्यावर त्यांची त्या वेळची चिंता कमी झाली. ज्यांना झिणझिण्या येत नाहीत, त्यांना तसा लाभ झाला नाही. म्हणूनच ‘झोप येत नाही ना, मग एएसएमआर ऐक’ हा सरसकट सल्ला फोल ठरतो. ज्याला फरक पडत नाही तो आपल्यातच काही कमी आहे असे समजतो आणि रात्री आणखी एक तास नवा व्हिडीओ शोधण्यात जातो.

याविषयी लैंगिक असल्याचा संशय का घेतला जातो?

कानाशी कुजबुज, जवळून दिसणारा चेहरा आणि अंगावर उठणारी शिरशिरी, एवढ्या वर्णनानेच अनेकांच्या भुवया उंचावतात. २०१८ मध्ये चीनमधील अश्लीलताविरोधी यंत्रणेने व्हिडीओ संकेतस्थळांना अशा मजकुराची साफसफाई करण्याचे आदेश दिले होते. एएसएमआरच्या नावाखाली अश्लील मजकूर विकला जातो हे खरेच आहे. परंतु बॅरट आणि डेव्हिस यांच्या सर्वेक्षणात लैंगिक उत्तेजनेसाठी हे व्हिडीओ पाहणारे केवळ पाच टक्के होते. विश्रांतीसाठी पाहणारे ९८ टक्के, झोपेसाठी पाहणारे ८२ टक्के आणि ताणावर उतारा म्हणून पाहणारे ७० टक्के होते. काहींच्या गैरवापरामुळे सगळ्यांकडे संशयाने पाहिले की लोक हा अनुभव लपवू लागतात आणि जे लपवले जाते ते डॉक्टरांनाही सांगितले जात नाही.

भारतीयांना हे खरेच नवे आहे का?

नाव सोडले तर नाही. राजस्थानातील पुष्करचे न्हावी बाबा सेन यांच्या चंपीचे व्हिडीओ पाश्चात्त्य एएसएमआरप्रेमींनी उचलून धरले आणि ‘कॉस्मिक बार्बर’ म्हणून ते जगभर पोहोचले. रस्त्याकडेच्या न्हाव्याची चंपी, सुटीच्या दिवशी कोमट तेलाने डोके चोळून देणारी आजी, वेणी घालताना मानेवर हळूच फिरणारी आईची बोटे, वर्गात शेजारच्या मुलीने तळहातावर काढलेली मेंदी, अशा प्रसंगी टाळूवर पसरणारी गुंगी मराठी घरांनाही परकी नाही. ‘डोक्यावरून हात फिरव ना,’ असे झोपताना म्हणणाऱ्या मुलाला एएसएमआर हा शब्द माहीत नसतो; काय हवे आहे ते मात्र नेमके माहीत असते.

फरक एवढाच की त्या वेळी समोर माणूस असे. आज शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या तरुणाला तो हात मिळत नाही. मिळतो तो पडद्यावरचा. अशा तरुणाने व्हिडीओचा आधार घेतला म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही. पडद्यावरील आपुलकी खोटी म्हणून हिणवण्याआधी खरी आपुलकी इतकी दुर्मीळ का झाली, याचे उत्तर आसपासच्या माणसांनी द्यायला हवे.

झोप, चिंता आणि वेदनांवर हा उपचार ठरू शकतो का?

खरा पेच येथे आहे. व्हिडीओ पाहताना मनःस्थिती सुधारते, असे बहुतेक अनुभवणारे सांगतात. दीर्घकालीन वेदना असलेल्यांपैकी काहींनी वेदना कमी झाल्याचेही सांगितले. मात्र तो दिलासा काही तासांपुरता होता. शिवाय बऱ्याच अभ्यासांत सहभागी झालेले लोक आधीपासून एएसएमआरचे चाहते होते. आपल्याला याने बरे वाटणार, ही अपेक्षा मनात असली की बरे वाटण्याची शक्यता वाढते. औषधाच्या चाचणीत तशीच दिसणारी साखरेची गोळी देऊन हा परिणाम वेगळा काढता येतो. कुजबुजीच्या बाबतीत ‘खोटी कुजबुज’ तयार करणे अवघड आहे. निद्रानाश किंवा नैराश्यावर एएसएमआर दीर्घकाळ गुणकारी ठरते, हे मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांतून दाखवले गेलेले नाही.

उलट निद्रानाशासाठी ज्याचा पुरावा भक्कम आहे, तो उपचार फारसा लोकप्रिय नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिने झोपेची तक्रार राहिली तर तिला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यासाठी पहिला उपचार म्हणून गोळ्यांऐवजी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती द्यावी, अशी शिफारस अमेरिकी वैद्यक संघटनेने २०१६ मध्ये केली होती. ठरलेल्या वेळी उठणे, झोप येत नसेल तर अंथरुणातून बाहेर पडणे, झोपेविषयीची धास्ती कमी करणे, असे तिचे स्वरूप असते. यात कष्ट आहेत आणि काही आठवडे चिकाटी लागते. इअरफोन लावणे त्या मानाने फारच सोपे.

धोका व्हिडीओत नाही; तो व्हिडीओने ‘भागते’ आहे असे समजून महिनोन्‌महिने ढकलण्यात आहे. झोप न लागण्यामागे नैराश्य असू शकते, थायरॉइडचा विकार असू शकतो. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल तर रात्रभर अंथरुणात पडूनही विश्रांती मिळत नाही. यांपैकी कशावरही कुजबुजीचा उतारा चालणार नाही.

दोष मात्र एकट्या ऐकणाऱ्याचा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात वेगवेगळ्या मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. लाखभर लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, अशी स्थिती आहे. दारात डॉक्टर नसेल आणि खिशात मोबाइल असेल, तर माणूस मोबाइलकडेच वळणार. त्यामुळे ‘व्हिडीओ पाहू नका, तज्ज्ञांकडे जा’ एवढे सांगून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही.

यात बाजार कोठे आहे?

जेथे लोक तासन्‌तास कान देऊन ऐकतात, तेथे जाहिरातदार पोहोचणारच. २०१७ मध्ये ‘आयकिया’ने चादरी आणि हँगर यांच्या आवाजांची २५ मिनिटांची जाहिरात केली. २०१९ च्या ‘सुपर बोल’मध्ये अभिनेत्री झोई क्रॅविट्झ हिने कुजबुजत बिअरची जाहिरात केली. यात गैर काही नाही. विसंगती वेगळीच आहे. झोपवण्याचे काम ज्या मंचावर सोपवले आहे, त्याचा धंदा माणूस जागा राहण्यावर चालतो. व्हिडीओच्या मध्येच कर्कश जाहिरात वाजते, एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. ‘चिंतेवर रामबाण’, ‘दोन मिनिटांत झोप’ अशा शीर्षकांना कुणी जाब विचारत नाही. काढ्याच्या बाटलीवर असे लिहिले तर त्यासाठी कायदा आहे. व्हिडीओच्या शीर्षकाला किमान प्रामाणिकपणाचा नियम तरी असावा.

मग ऐकावे की नाही?

ज्यांना सुखावते त्यांनी जरूर ऐकावे. आवाज कमी ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित असतो. रात्रभर इअरफोन कानात ठेवून झोपू नये. व्हिडीओ आपोआप बंद होईल असा टायमर लावावा, पडदा पालथा ठेवावा. ज्यांना काहीच वाटत नाही त्यांनी हट्ट धरू नये. आणि तक्रार तीन महिन्यांपलीकडे गेली, दिवसा कामावर परिणाम होऊ लागला किंवा मन सतत खचलेले राहू लागले, तर डॉक्टरांना गाठावे. ते शक्य नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

एएसएमआरच्या संशोधनातून आतापर्यंत निघालेला सर्वात ठोस धडा झिणझिण्यांपेक्षा मोठा आहे. संथ, हळुवार, केवळ आपल्यासाठी दिलेले लक्ष काही माणसांच्या हृदयाचे ठोकेही शांत करते. ते लक्ष पडद्यावरून मिळाले तरी शरीर त्याला दाद देते. पण दिलासा म्हणजे उपचार नव्हे. दिलाशाची थट्टा करू नये आणि त्याच्या नावाने उपचार विकूही नये.